शिलाई मशीन पुन्हा पुन्हा जड होतं आणि खाली गुंता करतं? स्क्रू फिरवण्याआधी हे तपासा

तक्रार बहुतेक घरांत एकाच शब्दांत ऐकू येते. जुनं काळं पायमशीन, वर्षानुवर्षं चाललेलं. शिवायला घेतलं की चार बोटं शिवण छान येते, मग कापडाच्या खालच्या बाजूला दोऱ्याचं जाळं होतं, कापड पुढे सरकवणारे दाते अडकतात, चाक घट्ट होतं आणि कापड अक्षरशः ओढून काढावं लागतं. मिस्त्रीला बोलावलं की तो वरच्या दोऱ्याचा ताण ठरवणारा टेन्शनचा स्क्रू थोडा फिरवतो, खालच्या दोऱ्याच्या डबीचा स्क्रू थोडा आवळतो, दोन ठिकाणी तेल सोडतो, पट्टा ताणतो. मशीन चालायला लागतं. महिना-दोन महिन्यांनी पुन्हा तेच.

माझ्या काकूचं मशीन याच फेऱ्यात अडकलं होतं. काकू कराडला राहते. घरच्यांचे परकर, उशांचे अभ्रे, शेजारच्या पोरींचे ब्लाउज आणि थंडी सुरू व्हायच्या आधी वाकळा, हे सगळं ती त्याच एका मशीनवर शिवते. घरात सगळ्यांचं म्हणणं होतं की तिला विजेवरचं नवं मशीन घेऊन द्यावं. तिला मात्र हेच हवं होतं, आणि मशीन उघडल्यावर कळलं की तिचं म्हणणंच बरोबर होतं. त्यात तुटलेलं, झिजलेलं असं काही नव्हतं. जे होतं ते साचलेलं होतं. साचलेलं काढायच्या ऐवजी दर वेळी स्क्रू फिरवला जात होता, म्हणून दुखणं परत येत होतं. पुन्हा पुन्हा उलटणाऱ्या बिघाडात बहुतेक वेळा हेच सापडतं, म्हणून सगळं सविस्तर लिहिते आहे.

खाली जे सांगितलं आहे ते गोल बॉबिनच्या (खालचा दोरा गुंडाळलेलं छोटं रीळ, ते डबीत बसतं) आणि डाव्या टोकाला सरकतं झाकण असलेल्या मशीनला लागू आहे. आपल्याकडे घरोघर दिसणारी काळी मशीनं, उषा असो की लुधियानात बनलेली इतर नावांची, बहुतेक सिंगरच्या १५ नंबरच्या घडणीवर बेतलेली आहेत. त्यामुळे पन्नास-साठ वर्षांच्या मशीनलाही बॉबिन, डबी, शटल आजही शिलाईसामानाच्या दुकानात मिळतं. सिंगरच्या स्कॉटलंडमधल्या क्लाइडबँकच्या कारखान्यात घडलेली मशीनंही जुन्या वाड्यांत सापडतात. तो कारखाना १९८० मध्ये बंद झाला, पण मशीन १५ च्या घडणीचं असेल तर सामानावाचून अडत नाही. लांबट, होडीसारखं शटल असलेलं हातमशीन वेगळं. त्याची साफसफाई अशीच करायची, पण त्याचं शटल आणि बॉबिन शोधत फिरावं लागतं.

गुंता खाली दिसतो, पण होतो वरून

हे एकदा नीट समजलं की अर्धं काम झालं. सुई खाली जाते, वर यायला लागते, तेव्हा तिच्या मागे वरच्या दोऱ्याचा छोटा फास तयार होतो. डबीभोवती फिरणाऱ्या शटलचं टोक तो फास पकडतं आणि डबीला वळसा घालून आणतं. मग वरची दांडी, जी शिवताना सारखी वर-खाली होते, ती तो फास वर ओढून घेते आणि टाका कापडात बसतो. फास वर ओढला जायचा तर दोऱ्याला वर कुठेतरी अडवून धरणारं काही हवं. ते काम टेन्शनच्या दोन चकत्या करतात. चकत्यांनी दोरा धरलाच नाही तर दांडी वर जाताना रिळातून नवा दोरा ओढते आणि आधीचा फास खालीच पडून राहतो. असे दहा-वीस फास खाली साचले की झालं जाळं.

म्हणजे खाली जे जाळं दिसतं तो वरचा दोरा असतो. खात्री करायची असेल तर वर लाल आणि खाली पांढरा दोरा लावून शिवून बघा, दोन्ही सारख्याच जाडीचे. काकूला हे दाखवलं तेव्हा कापड उलटं करून ती बघतच राहिली. खालचं सगळं जाळं लालभडक होतं. "म्हंजे डबीचा काही दोषच नाही की गं," ती म्हणाली. इतकी वर्षं तिच्या मशीनच्या डबीचाच स्क्रू आवळला जात होता.

उलट प्रकारही असतो. खालचा दोरा वर खेचून येतो आणि वरचा दोरा कापडावर तारेसारखा सरळ पडतो. तेव्हा वरचं टेन्शन जास्त किंवा डबीचं कमी आहे असं समजावं. पण "जाळं होतं" अशी तक्रार असेल तर आधी वर बघा.

फुकटात होणाऱ्या तपासण्या आधी

पाना हातात घेण्याआधी तीन गोष्टी बघून घ्या.

दोरा ओवताना प्रेशर फूट, म्हणजे कापड दाबून धरणारा पाय, वर उचललेला हवा. फूट वर असतो तेव्हा चकत्या एकमेकींपासून सुटतात आणि दोरा त्यांच्या मध्ये जाऊन बसतो. फूट खाली ठेवून ओवलात तर दोरा चकत्यांच्या कडेवर नुसता टेकून राहतो आणि पहिल्याच टाक्यापासून गुंता होतो. शिवताना मात्र फूट खाली हवाच. जाड वाकळ सरकवताना फूट अर्धवट वर राहून जातो आणि लक्षात येत नाही, कारण कापड जाड असल्यामुळे ते दाबल्यासारखंच वाटतं. तपासायला सोपं आहे: फूट वर असताना दोरा हाताने ओढा, तो सहज यायला हवा. फूट खाली घेऊन ओढा, चांगला अडायला हवा. दोन्ही वेळा सारखाच येत असेल तर बिघाड चकत्यांमध्ये आहे. त्याबद्दल पुढे येईलच.

दुसरी गोष्ट सुई. सुई दिसायला धड असते म्हणून वर्षभर बदलली जात नाही. ती काचेवर किंवा सपाट डब्यावर आडवी ठेवून डोळ्याच्या पातळीवरून बघा, किंचित वाकली असेल तरी फट दिसते. टोकावरून नख फिरवा, नख अडलं तर सुई टाकून द्या. सुई बसवताना चपटी बाजू कुठे हवी यावरून गोंधळ होतो, कारण मशीनमशीनला ते बदलतं. एक गोष्ट मात्र सगळीकडे सारखी असते: सुईवर एका बाजूला लांब खाच असते आणि दोरा त्याच बाजूने नेढ्यात शिरतो. सुईच्या लगेच वर दोरा अडकवायची जी शेवटची कडी असते ती ज्या बाजूला, लांब खाचही त्या बाजूला. चपटी बाजू आपोआप तिच्या विरुद्ध येते. सुई वर टेकेपर्यंत ढकलून मगच स्क्रू आवळा. साध्या सुती कापडाला १४ नंबरची, जाड कापडाला १६, वाकळ किंवा जीन्सला १८. ब्लाउजच्या तलम कापडाला ११.

तिसरी गोष्ट दोरा. पेटीतलं जुनं सुती रीळ दोन हातांत धरून झटका द्या. टचकन तुटलं तर ते मशीनला लावू नका. त्याने मशीनला बोल लागतो आणि दोष दोऱ्याचा असतो.

मशीन जड का होतं

गुंता आणि जडपणा ही खरं तर दोन दुखणी आहेत, पण एकाच मुळातून येतात म्हणून एकत्र दिसतात. जडपणा कुठे आहे हे शोधायला आधी पट्टा उतरवा. मग पायडल नुसतंच मारून बघा. पायडल आणि खालचं मोठं चाक हलकं फिरत असेल तर दोष वरच्या मशीनमध्ये. तेच अडखळत असेल तर चाकाच्या आसाला गुंडाळलेले दोरे आणि केस कापून काढा, आसाला आणि पायडलला जोडणाऱ्या दांडीच्या दोन्ही टोकांना तेल द्या. खालच्या बाजूला बहुतेक वेळा एवढ्यावर काम भागतं. बॉबिन भरायच्या चकतीचं रबर चाकाला सारखं घासत नाही ना, हेही बघून घ्या. पट्टा फार ताणलेला असला तरी मशीन जड लागतं. चाकावर तो घसरणार नाही एवढाच ताण पुरे.

काकूच्या मशीनचं खालचं सगळं हलकं होतं, वरचं चाक हाताने फिरवताना मात्र जोर लागत होता. ती एक गोष्ट सारखी सांगायची, "सकाळी लई जड जातं बघ, ऊन वर आलं की हलकं होतंय." या वाक्यातच उत्तर होतं. मी विचारलं, तेल कुठलं सोडतेस? तिने कपाटातून डोक्याला लावायची खोबरेल तेलाची बाटली काढली.

खोबरेल तेल साधारण २४ अंशांच्या खाली थिजतं. थंडीत बाटलीतलं तेल पांढरं होतं तेच मशीनच्या आत होत असतं. सकाळी ते लोण्यासारखं घट्ट असतं, दुपारी वितळतं. वितळलं तरी त्याला तूस आणि धूळ चिकटते आणि त्याचा चिखल होतो. त्याहून वाईट सूर्यफुलाचं आणि सगळ्यात वाईट करडईचं तेल. ही तेलं हवेत हळूहळू सुकतात. करडईचं तेल तर रंग बनवायला वापरतात ते याच गुणासाठी, त्याचा सुकून कडक थर होतो. मशीनच्या आत असाच तपकिरी, चिकट, नखाने खरवडावा लागेल असा थर जमतो. त्यावर पुन्हा तेल सोडलं की वरचा थर जरा भिजतो आणि मशीन काही दिवस हलकं वाटतं. नवं तेलही सुकलं की आधीपेक्षा जड. दर दोन महिन्यांनी येणारं दुखणं ते हेच.

म्हणून जुनं तेल काढायचं, आणि मगच नवं घालायचं.

जुनं तेल कसं काढायचं

मशीन मागे कलवून खालची बाजू उघडी करा. डावीकडच्या टोकाचा पत्रा आणि मागचं गोल झाकण काढा. प्रत्येक गोष्ट काढण्याआधी मोबाइलवर फोटो काढून ठेवा आणि स्क्रू वाटीत न टाकता ज्या भोकातला आहे त्याच्या नावाने कागदावर चिकटपट्टीने लावा. दिसायला सारखे वाटणारे स्क्रू लांबीला सारखे नसतात.

मग जिथे धातू धातूवर फिरतो किंवा सरकतो तिथे प्रत्येक ठिकाणी मशीनच्या तेलाचे दोन-तीन थेंब सोडा आणि रात्रभर तसंच राहू द्या. शिलाई मशीनचं तेल पातळ, जवळजवळ पाण्यासारखं स्वच्छ असतं, आणि त्यानेच जुनं सुकलेलं तेल सैल होतं. घाई नसेल तर दुसऱ्या कशाचीही गरज पडत नाही. सकाळी चाक हाताने सावकाश पुढे-मागे करा. बाहेर येणारं तपकिरी पाणी सुती फडक्याने पुसा, पुन्हा तेल सोडा. कितीही तेल मुरू दिलं तरी एखादी जागा सुटत नसेल तर तिथे केस वाळवायच्या यंत्राची गरम हवा द्या. चिकटा मऊ होतो. चाकावर जोर मात्र लावायचा नाही. जोराने सुटेल असं वाटतं, पण बीडाची दांडी वाकत नाही, थेट तुटते.

रॉकेलने जुनं तेल लवकर सुटतं हे खरं. ते वापरायचंच असेल तर फक्त आतल्या लोखंडी भागांवर, ब्रशने, आणि खिडक्या उघड्या ठेवून, जवळपास शेगडी-निरांजन नसताना. रॉकेल पूर्ण पुसून, वाळू देऊन मग लगेच मशीनचं तेल घाला. रॉकेलने धुतलेलं लोखंड कोरडं पडतं आणि पावसाळी हवेत त्याला चटकन गंज धरतो. गंज सुटायला मिळणारे स्प्रे अडकलेली जागा सोडवायला चांगले, पण ते वंगण म्हणून पुरत नाहीत. तेही नंतर पुसूनच काढावे लागतात.

बाहेरच्या काळ्या अंगाला यातलं काहीही लावू नका. सोनेरी वेलबुट्टीवर लाखेसारखा पारदर्शक थर असतो. स्पिरिट आणि थिनरने तो विरघळतो. भांड्यांचा साबण किंवा काच पुसायचं पाणी लावलं तर सोनेरी नक्षी रुपेरी पडते, आणि एकदा पडली की परत येत नाही. मशीनच्याच तेलात भिजवलेला कापूस हलक्या हाताने गोल फिरवायचा, कापूस काळा झाला की टाकायचा, नवा घ्यायचा. वेळ लागतो, पण खालची नक्षी उजळून वर येताना बघणं यासारखा आनंद नाही. मधेच कापसावर सोनं दिसलं तर तिथेच थांबा. तेवढी जागा आहे तशी राहू द्या.

उजवीकडच्या चाकाचा मधला मोठा गोल स्क्रूही या वेळी उघडा. बॉबिन भरताना तो सैल केला तरी सुई खाली-वर होतच राहते, अशी तक्रार असते. त्याचं कारण आत सुकलेलं तेलच. आत एक वॉशर असतो, त्याला छोटी पाकळीसारखी टोकं असतात. चाक काढून आतली दांडी पुसा, एक थेंब तेल द्या आणि परत बसवा. बसवल्यावर चाक पकडतच नसेल, किंवा सुटतच नसेल, तर वॉशर अर्धा फेरा फिरवून पुन्हा बसवा. बहुतेक तेवढ्यानेच जमतं.

शटलखालचा नमदा

आता डाव्या टोकाचं झाकण सरकवा. सुई चाकाने सगळ्यात वर आणा, डबीची खिट्टी धरून डबी बाहेर काढा. तिच्यामागे शटल असतं, अर्धचंद्रासारखं टोक असलेलं. ते अडवून धरणारी कडी काही मशीनला फिरवून सुटते, काहींना दोन स्क्रू असतात. कडी काढली की शटल हातात येतं. पुन्हा सांगते, आधी फोटो.

कापड जिथून सरकतं ती सुईखालची प्लेटही दोन स्क्रू काढून उचला. काकूच्या मशीनची प्लेट उचलली तेव्हा खाली दाते दिसतच नव्हते. त्यांच्या दोन रांगांच्या मध्ये आणि खाली तुसाचा नमदा दाबून बसला होता, बोटाच्या पेराएवढा जाड. बांबूच्या काडीने खालून उचलल्यावर तो एका तुकड्यात निघाला. कापून बघितलं तर आत थर होते: हिरवा, मग जांभळा, मग मळकट पांढरा, पुन्हा हिरवा. वाकळीत गेलेली लुगडी आणि धोतरं ओळखता येतील असे रंग. जुनं सुती कापड शिवताना तूस फार पडतं, आणि खोबरेल तेल लागल्यामुळे हे तूस झडून न जाता थापल्यासारखं बसत गेलं होतं. त्यामुळे दाते पूर्ण वर येत नव्हते, कापड पुढे सरकत नव्हतं, एकाच जागी टाक्यावर टाका पडत होता. गुंत्याला हातभार लावणारं हे दुसरं कारण, आणि ते कुठल्याही स्क्रूने सुटणारं नव्हतं.

शटल ज्या गोल खोबणीत फिरतं ती खोबणी फडक्याने आणि कानकाडीने कोपऱ्या-कोपऱ्यापर्यंत स्वच्छ करा. दोऱ्याचा अर्ध्या इंचाचा तुकडासुद्धा तिथे अडकून मशीन घट्ट करू शकतो. शटलचं टोक बोटावरून हलकेच फिरवा. ते टोकदार पण गुळगुळीत हवं. जाड शिवणीवर सुई वाकून शटलवर आपटली असेल तर तिथे बारीक ओरखडा उठतो आणि त्यात दोरा अडकून तुटतो. ओरखडा उथळ असेल तर १००० नंबर किंवा त्याहून बारीक पॉलिश पेपरने, टोकाच्या दिशेने, अगदी थोडं घासा. टोक आखूड होईल इतकं कधीही घासू नका. खोल खरचटलं असेल तर शटल बदललेलं बरं. प्लेटच्या सुईच्या भोकाची कडही अशीच तपासा.

शटल परत बसवण्याआधी खोबणीत मशीनच्या तेलाचा एकच थेंब. इथे तेल विसरलं तर बाकी सगळीकडे घातलेल्या तेलाचा उपयोग नाही, कारण सगळ्यात जास्त फिरणारी जागा हीच. ज्यांना वाटतं की इथे तेल घातलं तर कापडाला डाग पडतील त्यांनी तेल घातल्यावर रद्दी कापडावर दोरा न लावता दोन मिनिटं शिवावं. जास्तीचं तेल त्या कापडात उतरतं.

चकत्या

आता मूळ दुखण्याकडे. टेन्शनच्या चकत्या न खोलता साफ करायचा उपाय आधी करून बघा. फूट वर करा, म्हणजे चकत्या सुटतील. मऊ सुती कापडाची बारीक पट्टी चकत्यांच्या मधून घालून दोन्ही टोकं धरून मागे-पुढे ओढा. पट्टीवर काळं निघेल. पट्टी बदलून पुन्हा. अनेक मशीनना एवढंच पुरतं.

काकूच्या मशीनला पुरलं नाही. फूट वर असो की खाली, दोरा सारखाच सैल येत होता. मग चकत्यांच्या पुढचा, टेन्शनचा नट काढला. नट, गुंडाळीची स्प्रिंग, मधला पत्रा आणि छोटी पिन, मग दोन चकत्या, असा क्रम हाताला लागतो. काढलेला प्रत्येक भाग तुम्ही ज्या क्रमाने काढला त्याच क्रमाने फडक्यावर रांगेत ठेवा, डावीकडून उजवीकडे. आतल्या चकतीच्या मध्याजवळ पिवळ्या दोऱ्याचा एक तुटका तुकडा होता, तेलाने घट्ट चिकटलेला. तेवढ्या जाडीने चकत्या एकमेकींना टेकतच नव्हत्या. नट आवळला की स्प्रिंग चकत्यांना जोर देऊन थोडीफार जवळ आणायची, म्हणून मिस्त्री गेल्यावर काही दिवस काम व्हायचं. आतला तुकडा थोडा सरकला की पुन्हा जैसे थे.

चकत्या फडक्याने पुसा. गंजाचा डाग असेल तर बारीक पॉलिश पेपरने घासून गुळगुळीत करा. त्यांना तेल लावायचं नाही. तेलाने दोरा घसरतो आणि तूस चिकटतं. परत बसवताना दोन्ही चकत्यांची फुगीर बाजू एकमेकींकडे हवी. मागे जी बारीक तारेची स्प्रिंग असते, दोरा तिच्या आकड्यातून जातो, तिच्यात थोडी उसळी हवी. ती निर्जीव पडली असेल तर बदला, ती फार महाग नसते. तिच्यामुळे दोरा योग्य वेळी सैल आणि योग्य वेळी ताठ होतो. ती मेलेली असेल तर बाकी सगळं ठीक असून टाके सुटतात.

आता टेन्शन लावा, पण आधी खालचं

डबीचा पातळ पत्रा, ज्याच्या खालून दोरा निघतो, त्याच्या आतही धूळ बसते. पत्त्याच्या जाडीच्या कागदाचा कोपरा त्याखालून ओढून घ्या. मग भरलेली बॉबिन घालून दोरा खाचेतून बाहेर काढा आणि दोऱ्याचं टोक धरून डबी लोंबती सोडा. ती स्वतःच्या वजनाने झरझर खाली उतरली तर सैल, झटका दिला तरी जागची हलली नाही तर घट्ट. हलका झटका दिला की दोन-तीन बोटं उतरून थांबावी. डबीचा स्क्रू एका वेळी घड्याळातल्या पाच मिनिटांएवढाच फिरवा. अनेक वर्षं आवळला गेला असेल तर तो बराच सैल करावा लागेल, काकूच्या डबीचं तसंच होतं. हे करताना डबी ताटात धरा. तो स्क्रू तांदळाच्या दाण्याहून लहान असतो आणि फरशीवर पडला की सापडत नाही.

बॉबिन शक्यतो मशीनबरोबर आलेल्या लोखंडीच वापरा. बाजारात मिळणाऱ्या काही प्लास्टिकच्या बॉबिनांच्या आकारात किंचित फरक असतो आणि त्या डबीत खडखडतात. बॉबिन भरताना दोरा ढिला भरला गेला तरी शिवताना झटके बसतात. ती घट्ट, सारखी आणि काठोकाठ न भरता थोडी रिकामी ठेवलेली बरी.

खालचं एकदा लावलं की त्याला हात लावायचा नाही. मग वरचा नट, ज्या कापडावर शिवणार त्याच कापडाच्या दोन घड्यांवर, लाल-पांढऱ्या दोऱ्याने. लाल ठिपके खाली दिसले तर नट थोडा आवळा, पांढरे ठिपके वर दिसले तर थोडा सोडा. गाठ दोन घड्यांच्या मध्ये लपली की झालं. वाकळीवर लावलेलं टेन्शन ब्लाउजला चालणार नाही. कापड बदललं की वरचा नट थोडा फिरवावाच लागतो. त्यात मशीनचा काही बिघाड नाही.

एवढं सगळं करूनही टाके सुटत असतील तरच सुईच्या दांडीकडे वळा. या घडणीच्या मशीनमध्ये शटल पक्क्या दांड्यांनी जोडलेलं असतं, त्यामुळे वेळ आपोआप बिघडत नाही. पण जाड शिवणीवर सुई जोरात आपटली असेल तर दांडी तिच्या पकडीत वर किंवा खाली सरकते. चाक हाताने फिरवा. सुई सगळ्यात खाली जाऊन सुमारे २ मिमी वर आली की शटलचं टोक सुईच्या मागून, नेढ्याच्या जरा वरून जायला हवं. ते नेढ्याच्या खालून जात असेल किंवा सुईला शिवतच नसेल तर दांडीची उंची बदलावी लागते. हे मात्र पहिल्यांदा करताना जाणत्या मिस्त्रीला समोर बसवून करा. त्यालाही नेमकं काय होतंय ते सांगता आलं तर तो नुसता नट आवळून जाणार नाही.

पुन्हा होऊ नये म्हणून

रोज शिवणाऱ्यांनी शटलच्या खोबणीत रोज एक थेंब आणि वरच्या भोकांत आठवड्याला एक-एक थेंब तेल द्यावं. अधूनमधून शिवणाऱ्यांनी दर वेळी शिवायला बसण्याआधी. एक थेंब म्हणजे एकच. वाकळ शिवून झाली की प्लेट उचलून ब्रशने तूस काढायचं, फुंकर मारायची नाही. फुंकरीने तूस आणखी आत जातं आणि तोंडाची वाफ लोखंडाला लागते. काकूच्या मशीनच्या खणात आता लांब चोचीची मशीनच्या तेलाची बाटली आणि जुना दात घासायचा ब्रश दोऱ्याने एकत्र बांधून ठेवला आहे.

पावसाळ्यात मशीन बरेच दिवस बंद राहणार असेल तर चकचकीत दिसणाऱ्या सगळ्या भागांवर तेलाचा हात फिरवा, प्लास्टिकने झाकू नका, जुन्या चादरीने झाका. प्लास्टिकखाली दमट हवा कोंडते. आठवड्यातून एकदा चाक हाताने चार फेरे फिरवा. आणि सुती कापडाची जाड घडी फुटाखाली ठेवून फूट खाली घ्या. दांडीवरून उतरणारं तेल त्या घडीत मुरतं, पुढच्या वेळी शिवायला घेतलेल्या कापडाला लागत नाही.